गर्वाने पडलेला देवदूत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तन, गोराई, वसई, अर्नाळा या किनारपट्टीतल्या आम्हा ख्रिस्ती लोकांकडे सप्टेंबर सरताना महादूत मायकलचा सण येतो आणि त्याच्या पाठोपाठ आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सण. या दिवसांत धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न हमखास निघतो : मायकलच्या पायाखाली जो पडलेला दाखवतात तो कोण, आणि त्याने असं केलं तरी काय? आधी मुलं विचारतात, मग त्यांच्या आया, पुढे शेजारच्या हिंदू आणि मुसलमान घरांतूनही विचारणा होते. मी धर्मगुरू नाही, बरीच वर्षं हा वर्ग घेणारी बाई आहे. तोंडी दिलेली उत्तरं इथे सावकाश लिहून काढली आहेत.

ही गोष्ट थोडक्यात काय आहे?

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, श्रद्धेचा अंगीकार म्हणताना आपण देवाला दृश्य आणि अदृश्य अशा सगळ्याचा निर्माणकर्ता म्हणतो. देवदूत त्या अदृश्य सृष्टीतले. त्यांना शरीर नाही, पण बुद्धी आहे आणि स्वतःची इच्छा आहे. देवाने ते सगळे चांगलेच घडवले. त्यांतल्या काहींनी एका थोर देवदूताच्या नादाने देवाला नकार दिला, आणि तो नकार कायमचा ठरला. त्यांच्या म्होरक्याला आपण सैतान म्हणतो. सन १२१५च्या लॅटरन धर्मपरिषदेने हे मोजक्या शब्दांत बांधून ठेवलं : सैतान आणि इतर दुष्टात्मे देवाने स्वभावतः चांगले निर्माण केले, ते वाईट झाले ते आपल्या आपण.

बायबलमध्ये ही गोष्ट नेमकी कुठे आहे?

सलग अशी कुठेच नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चक्रावले होते, कारण आजीने ती अशी रंगवून सांगितली होती की उत्पत्तीच्या पहिल्या पानावरच असणार असं मी धरून चालले होते. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात साप येतो खरा, पण तो कुठला, कधीपासून बिघडला, हे तिथे नाही. ईयोबाच्या पुस्तकात सैतान देवाच्या दरबारात उभा राहतो, आणि तिथे त्याचं काम माणसावर आरोप ठेवण्याचं आहे. हिब्रू शब्दाचा अर्थच विरोधक, आरोप करणारा असा होतो.

बाकीचे धागे वेगवेगळ्या पुस्तकांत आहेत. यशयाच्या १४व्या अध्यायात बाबेलच्या राजाची हेटाळणी आहे. पहाटेच्या ताऱ्या, तू आकाशातून कसा रे पडलास, असं त्याला विचारलेलं आहे, आणि त्याच्या मनातले बेत एकापुढे एक मांडले आहेत : मी आकाशात चढेन, मी ताऱ्यांच्या वर आसन मांडेन, मी देवसभेच्या पर्वतावर बसेन, मी ढगांच्याही वर जाईन, मी परात्परासारखा होईन. पाच वेळा 'मी'. वर्गात हा उतारा मोठ्याने वाचायला लावला की ते 'मी' पोरांच्या आपोआप कानात बसतात.

यहेज्केलच्या २८व्या अध्यायात सोरच्या राजासाठी विलापगीत आहे. सोर म्हणजे समुद्रावर उभं असलेलं, व्यापारावर गबर झालेलं बंदर, आपल्या जुन्या सोपारा-चौलच्या जातीचं. त्याचा राजा म्हणतो की मी देव आहे, समुद्राच्या मधोमध देवाच्या आसनावर बसलो आहे. संदेष्टा त्याला सांगतो की तू एदेन बागेत होतास, रत्नांनी मढलेला होतास, निर्दोष होतास, आणि मग आपल्या सौंदर्याने तुझं मन उन्मत्त झालं.

हे दोन्ही उतारे मुळात माणसांविषयी, दोन मगरूर राजांविषयी आहेत. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनसारख्या आचार्यांनी त्या राजांच्या मागे आणखी एक जुनी सावली पाहिली आणि तिथून हे उतारे देवदूताच्या पतनाशी जोडले गेले. मला हा जोड पटतो, पण शिकवताना मी मुळातला राजा आधी सांगते. राजा गाळला तर मगरुरी ही कुठल्या तरी अदृश्य प्राण्याचीच गोष्ट होऊन बसते, आणि आपण सुटतो.

नव्या करारात बोलणं अधिक सरळ आहे. येशू म्हणतो की सैतान विजेसारखा आकाशातून पडताना मी पाहिला (लूक १०:१८). योहानाच्या शुभवर्तमानात तो सैतानाला आरंभापासून घातक आणि लबाडीचा बाप म्हणतो (८:४४). पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (२:४) आणि यहूदाच्या छोट्याशा पत्रात पाप केलेल्या, आपलं स्थान सोडलेल्या देवदूतांचा उल्लेख आहे. आणि प्रकटीकरणाच्या १२व्या अध्यायात मायकल आणि त्या मोठ्या अजगराचं युद्ध आहे.

'लुसिफर' हे नाव आलं कुठून?

पहाटे होडी काढणाऱ्या कोळ्याला हे समजावणं सगळ्यात सोपं, कारण तो तारा त्याच्या ओळखीचा आहे. यशयाच्या हिब्रूत शब्द आहे 'हेलेल', म्हणजे झळकणारा, आणि पुढे 'पहाटेचा पुत्र'. संत जेरोमने बायबल लॅटिनमध्ये आणलं तेव्हा तिथे 'लुसिफर' हा शब्द घातला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ प्रकाश आणणारा, आणि पहाटे दिसणाऱ्या शुक्राचं ते रोजच्या बोलण्यातलं नाव होतं.

आता शुक्राची चांदणी कशी वागते ते बघा. चंद्र सोडला तर रात्रीच्या आभाळात तिच्याइतकं तेजस्वी काही नाही. सूर्याच्या आधी उगवते, वर चढू लागते, आणि वाटतं की आता माथ्यावर येणार. पण शुक्र सूर्यापासून साधारण ४७ अंशांपलीकडे कधी जात नाही, त्यामुळे काळोख असेपर्यंत तिला माथा गाठता येत नाही. ती अर्ध्या वाटेवर असतानाच उजाडतं आणि ती दिसेनाशी होते. सगळ्या ताऱ्यांच्या वर बसायला निघालेल्या राजाला संदेष्ट्याने हीच उपमा का दिली, हे किनाऱ्यावर उभं राहिलं की पुस्तकाशिवाय कळतं.

आणि एक. 'लुसिफर' हा शब्द मुळात वाईट नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (१:१९) तुमच्या अंतःकरणात पहाटतारा उगवो असं वाक्य आहे, तिथेही लॅटिन बायबलमध्ये शब्द तोच. प्रकटीकरणाच्या शेवटी (२२:१६) येशू स्वतःला पहाटेचा तेजस्वी तारा म्हणतो. ईस्टरच्या आदल्या रात्री पास्काची मेणबत्ती पेटवून जे स्तुतिगीत गातात, त्याच्या लॅटिन मुळात कधीही न मावळणारा 'लुसिफर' आहे ख्रिस्त. चौथ्या शतकात सार्डिनिया बेटावर लुसिफर नावाचे एक बिशपही होऊन गेले. हे नाव सैतानाला पुढे चिकटलं आणि मग त्याचंच होऊन बसलं.

त्याला शिंगं, शेपटी, लाल अंग असतं का?

नाही, ते सगळं चित्रकारांचं. संत पौल उलट सावध करतो की सैतान तेजाच्या दूताचं रूप घेतो (२ करिंथ. ११:१४). म्हणून मुलांना शिंगांची भीती घालू नये. शिंगांवरून ओळखायची सवय लागली की नीटनेटक्या कपड्यांत, गोड बोलत आलेलं वाईट ओळखता येत नाही.

'नरकात राज्य बरं, पण स्वर्गात चाकरी नको' हे त्याने कुठे म्हटलं आहे?

बायबलमध्ये कुठेच नाही. ते १७व्या शतकातल्या एका इंग्रजी महाकाव्यातलं आहे. त्याच्या तोंडी घालतात ते 'मी सेवा करणार नाही' हे वाक्य लॅटिन बायबलमध्ये आहे, पण यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात, आणि तिथे ते इस्राएल लोकांच्या तोंडी आहे.

त्याचा गर्व नेमका कशाचा होता? देवाची गादी हवी होती का?

या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा दमाने.

तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्विनसने हा प्रश्न फार नेटाने तपासला. तो म्हणतो, देवदूताला शरीर नाही, तेव्हा खादाडी, वासना, पैशाची हाव ही पापं त्याला शिवूच शकत नाहीत. शुद्ध बुद्धीच्या प्राण्याकडून होण्यासारखी पापं दोनच : गर्व, आणि त्यातून निघणारी असूया. मग गर्व कशाचा? देवाच्या बरोबरीचं व्हावं असं त्याला सरळसरळ वाटलं असणं शक्य नाही, कारण तो मूर्ख नव्हता. निर्माण केलेली वस्तू निर्माणकर्ता होऊ शकत नाही हे आपल्यापेक्षा त्याला स्वच्छ दिसत होतं.

अक्विनसचं उत्तर असं की त्याला हवं होतं ते चांगलंच होतं. देवाने त्याच्यासाठी जे परमसुख ठेवलं होतं तेच त्याला हवं होतं, पण दान म्हणून नको होतं. स्वतःच्या बळावर मिळवलेलं हवं होतं. कुणापुढे हात पसरायचा नाही, कुणाचं देणं मानायचं नाही. याच्या आठशे वर्षं आधी संत ऑगस्टिनने हेच दुसऱ्या अंगाने म्हटलं होतं : जो सर्वांत श्रेष्ठ आहे त्याच्याकडे असलेलं तोंड त्याने फिरवलं आणि स्वतःकडे केलं.

मी वर्गात हे आगेऱ्यावरून सांगते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आपण भाताची पहिली कणसं वाजतगाजत चर्चमध्ये नेतो. शेत नांगरलं आपण, आवण काढून लावलं आपण, चिखलात कमरेत वाकून दिवस काढले आपण. तरी पहिली मूठ वेदीपाशी ठेवतो आणि म्हणतो, हे तुझं. म्हणजे मेहनत खोटी होती असं नाही. पण पाऊस आपण पाडला नव्हता, दाण्यात दूध आपण भरलं नव्हतं, आणि राबणारे हातसुद्धा आपण घडवलेले नव्हते. त्या देवदूताकडे आपल्या साऱ्या शेतांपेक्षा जास्त पीक होतं. पहिली मूठ ठेवायला तो तयार झाला नाही, एवढंच त्याचं पाप, आणि त्याहून मोठं पाप दुसरं नाही. मुठीबरोबर त्याने सगळं शेतच स्वतःच्या नावावर केलं.

आचार्यांमध्ये दुसरी मतंही आहेत. तर्तुलियन आणि सिप्रियन म्हणत की त्याला माणसाचा हेवा वाटला : मातीचा हा प्राणी, आणि देवाची प्रतिमा याच्यात? शलमोनाच्या नावाने असलेल्या ज्ञानग्रंथात सैतानाच्या असूयेमुळे मृत्यू जगात आला असं वाक्य आहे (२:२४), त्याचा याला आधार. स्पेनचे येशूसंघीय (जेझुइट) पंडित सुआरेझ (१५४८–१६१७) यांनी एक पाऊल पुढे टाकलं. देव माणूस होणार हे देवदूतांना आधीच दाखवलं गेलं, आणि त्या माणसापुढे गुडघे टेकायला एकाने नकार दिला, असा त्यांचा विचार. ही चर्चची बंधनकारक शिकवण नाही, एका पंडिताचं मत आहे. पण नाताळचा गोठा मांडताना मला ते दरवर्षी आठवतं. शेणामातीच्या गोठ्यातल्या त्या तान्ह्या बाळापुढे वाकणं किती थोरांना जड जात असेल. आणि फिलिप्पैकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय याच्या शेजारी ठेवून वाचा : जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने देवाशी असलेली बरोबरी घट्ट धरून ठेवली नाही, स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं. एकाने नसलेली बरोबरी ओढायचा यत्न केला, दुसऱ्याने असलेली सोडली.

देवाने तो चांगला घडवला, तर वाईटपणा त्याच्यात शिरला कुठून?

बाहेरून शिरलाच नाही. ऑगस्टिन म्हणतो की वाईट इच्छेचं कारण शोधणं म्हणजे काळोख डोळ्यांनी पाहायला किंवा शांतता कानांनी ऐकायला जाण्यासारखं आहे. काळोख ही वस्तू नसते, उजेडाचं नसणं असतं. प्रेम करायला मोकळीक लागते, आणि मोकळीक खरी असेल तर नाही म्हणण्याचीही असते. याने माझ्या मनाचं पूर्ण समाधान होतं असं नाही. ज्याला सगळं स्वच्छ दिसत होतं त्याने नाही का म्हणावं, याचं गूढ उरतंच. पण देवानेच एक तुकडा मुद्दाम बिघडवून ठेवला होता, असं चर्च कधीच म्हणत नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे.

शरीरच नाही, मग स्वर्गात युद्ध कसं झालं?

तलवारींचं नव्हे. प्रकटीकरण हे दर्शनांचं पुस्तक आहे, पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या सत्तेखाली दबलेल्या लहान लहान मंडळ्यांना धीर देणारं. त्यातली चित्रं अक्षरशः घ्यायची नसतात. मायकल या नावाचा हिब्रू अर्थ पाहा : 'देवासारखा कोण?' ते नाव म्हणजेच प्रश्न आहे आणि तोच त्याचा वार. एक म्हणाला मी परात्परासारखा होईन, दुसऱ्याने विचारलं, देवासारखा कोण आहे? माणिकपूरचं आणि माहीमचं चर्च याच मायकलच्या नावाचं. तिथे जाल तेव्हा हा प्रश्न मनात असू द्या.

एक तृतीयांश देवदूत पडले हे खरं का?

प्रकटीकरण १२:४मध्ये अजगर शेपटीने एक तृतीयांश तारे खाली ओढतो, त्यावरून हे चालत आलं. चर्चने असा आकडा कधी ठरवलेला नाही.

देव इतका दयाळू, तर सैतानाला क्षमा का नाही?

आमच्याकडे डोल जाळं लावणारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, काय करतो ते आठवा. ओढ बघून जाळं टाकतो, वेळेला उचलतो, बोंबील कमी आले तर पुढच्या वेळी जागा बदलतो. माणसाचे सगळे निर्णय असेच असतात. अर्धं दिसतं, अर्धं दिसत नाही, चुकतं, कळतं, परत फिरता येतं. आपल्या पश्चात्तापाला जागा मिळते ती या अपुरेपणामुळे. देवदूत तसं टप्प्याटप्प्याने जाणत नाही, असं अक्विनस सांगतो. त्याला समोरचं सगळं एकदम दिसतं, आणि जे पूर्ण जाणून, पूर्ण मनाने निवडलं ते तो पुन्हा बदलत नाही. आठव्या शतकातल्या दमास्कसच्या संत योहानाने हेच म्हटलं होतं : माणसाला जसा मृत्यू, तसं देवदूताला ते पतन, त्यानंतर पश्चात्ताप नाही. सन १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने हे त्याच्याकडूनच घेतलं आहे आणि स्पष्ट केलं आहे की इथे देवाची दया कमी पडलेली नाही. दार आतून लावलेलं आहे.

शेवटी सगळेच, अगदी सैतानसुद्धा, परत येतील अशी आशा ओरिगेनच्या लिखाणात डोकावते. त्या विचाराला चर्चने सहाव्या शतकात नकार दिला.

सैतान म्हणजे देवाचा प्रतिस्पर्धी का?

मुळीच नाही. तो निर्माण केलेला आहे, देव निर्माणकर्ता आहे. त्याची जोडी लावायचीच तर मायकलशी लावा, देवाशी नव्हे. जगात एक चांगला देव आणि एक वाईट देव झुंजत आहेत हा विचार ख्रिस्ती नाही.

आमच्या पुराणांतल्या जय-विजयासारखंच हे आहे का?

हा प्रश्न मला एका हिंदू शेजारणीने विचारला, आणि मला तो फार आवडला. जय-विजय वैकुंठाचे द्वारपाल, सनकादिकांना दारात अडवलं म्हणून शापाने खाली आले. दक्षिण कोकणातल्या दशावतारात त्यांच्या पुढच्या जन्मांतले हिरण्यकशिपू, रावण आपण रात्र रात्र बघतो. साम्य आहेच : देवाच्या अगदी दाराशी असलेला, आणि पडला. पण जय-विजय तीन जन्मांनी परत वैकुंठात जातात, त्यांचं वैरसुद्धा देवाकडे नेणारी वाट ठरतं. ख्रिस्ती शिकवणीत देवदूताला अशी परतीची वाट नाही. नहुषाची गोष्ट गर्वाच्या अंगाने जास्त जवळ येते असं मला वाटतं. इंद्रपदावर बसल्यावर ऋषींना पालखीला जुंपून अगस्त्यांना लाथ मारली, आणि साप होऊन खाली आला.

आपल्या भाषेत ही सरमिसळ जुनी आहे. इंग्लंडमधून १५७९मध्ये गोव्याला आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत लिहिलेलं क्रिस्तपुराण १६१६मध्ये छापलं गेलं. त्यात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द आहे. ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या शब्दातून सांगायचं, हे त्यांना समजलं होतं.

आणि कुराणातला इब्लिस?

कोकणी मुसलमान घरांतली गोष्ट आमच्या गोष्टीची जवळची नातलग आहे. आदमला सजदा करा असा हुकूम झाला, इब्लिसने नकार दिला : मी आगीचा, तो मातीचा, मी त्याच्याहून श्रेष्ठ. कुराणात एका ठिकाणी इब्लिसला जिन्नांपैकी म्हटलं आहे (१८:५०), आपल्याकडे तो देवदूतच. आदमपुढे न वाकण्याची हीच कथा 'आदाम आणि हव्वेचं जीवन' या बायबलबाहेरच्या जुन्या ग्रंथातही सापडते.

सैतान म्हणजे आपल्याकडचा देवचार, वेताळ का?

नाही, आणि हे मी जरा कळकळीने सांगते. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत 'देवचार' हा शब्द सैतानासाठीच वापरतात. पण सिंधुदुर्गातल्या हिंदू गावकऱ्याला विचारा, त्याच्यासाठी देवचार हा गावाच्या सीमेचा राखणदार, रात्री वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा. एकच शब्द, दोन घरांत दोन अर्थ. शेजाऱ्याच्या श्रद्धास्थानाला सैतान म्हणण्याचा अधिकार आपल्याला या शिकवणीतून मिळत नाही. उलट 'आम्हीच तेवढे देवाचे' हा ताठा त्या पडलेल्या देवदूताच्या फार जवळचा आहे.

कुणाला झपाटलं आहे असं वाटलं तर आधी डॉक्टर, मानसोपचाराचासुद्धा. चर्चच्या कायद्यानुसार (कलम ११७२) बिशपांच्या खास परवानगीशिवाय कुणालाही भूत काढण्याचा विधी करता येत नाही. घरात येऊन पैसे मागणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवावं.

गर्व वाईट, मग स्वाभिमानही सोडायचा का?

या प्रश्नापाशी माझं स्वतःचं दुखणं आहे. तरुणपणी मी पुढे शिकायचं म्हटलं तेव्हा घरात मान असलेल्या एका मोठ्या माणसाने मला लुसिफरची गोष्ट सांगितली. फार वर चढशील तर तशीच पडशील, म्हणाले. कितीतरी वर्षं मी पुस्तक हातात घेताना अपराधी वाटून घेतलं. आज वर्गातल्या मुलींकडे बघते तेव्हा ठरवून सांगते की ही गोष्ट त्यासाठी नाही.

तो देवदूत उंच होता म्हणून पडला नाही. मायकलही थोरच, गॅब्रिएलही थोर. आपली बुद्धी, आपला गळा, आपल्या हातातली कला नाकारणं ही नम्रता नव्हे. आविलाच्या संत तेरेझा (१५१५–१५८२) यांच्या लेखी नम्रता म्हणजे सत्यात चालणं. पोरीला गणित येत असेल तर 'मला येत नाही' म्हणणं खोटं आहे. 'येतं' म्हणावं, आणि ते मिळालेलं आहे हे विसरू नये. मारियामातेचं स्तोत्र बघा. माझ्यासाठी त्याने मोठी कृत्यं केली, पिढ्यान्‌पिढ्या मला धन्य म्हणतील, असं ती स्वच्छ म्हणते, आणि त्याच दमात गर्विष्ठांची दाणादाण आणि दीनांची उन्नती गाते. गरीब घरच्या त्या मुलीने मान खाली घातलेली नाही.

खरी भीती कुणाला असावी? पौल तीमथ्याला लिहितो की नव्याने विश्वासात आलेल्याला अध्यक्ष करू नये, नाहीतर तो गर्वाने फुगून सैतानासारखा दंडास पात्र होईल (१ तीम. ३:६). इशारा अधिकाराच्या खुर्चीत बसणाऱ्याला आहे : फादरांना, समितीवाल्यांना, वर्ग घेणाऱ्या माझ्यासारखीलाही. लूकमधला तो विजेचा उल्लेखही पूर्ण वाचा. बहात्तर शिष्य हरखून परत येतात, तुझ्या नावाने भुतंसुद्धा आम्हाला वश होतात म्हणतात. येशू त्यांना पडलेल्या सैतानाची आठवण देतो आणि सांगतो, भुतं वश होतात याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. चांगलं काम यशस्वी झालं त्या घटकेलाच ही सूचना आली.

आपल्या उपासनेत ही शिकवण कुठे भेटते?

बाप्तिस्म्यात. आईबाप आणि धर्ममायबाप यांना विचारतात, सैतानाचा, त्याच्या कृत्यांचा, त्याच्या पोकळ झगमगाटाचा त्याग करता का? ईस्टरच्या आदल्या रात्री मेणबत्त्या हातात धरून आपण सगळे हेच वचन पुन्हा देतो. २९ सप्टेंबरला मायकल, गॅब्रिएल, राफाएल यांच्या सणाला प्रकटीकरणाचा १२वा अध्याय वाचता येतो. पोप तेरावे लिओ यांच्या काळात, १८८६पासून, मिस्सेनंतर मायकलची प्रार्थना म्हणत. १९६०च्या दशकात ती मिस्सेतून गेली, तरी पुष्कळ घरांत जपमाळेनंतर अजून म्हणतात.

सैतानासाठी प्रार्थना केली तर चालेल का?

हा प्रश्न एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाने विचारला होता, आणि वर्ग एकदम गप्प झाला. चर्च अशी प्रार्थना करत नाही. ऑगस्टिननेही याचा विचार केला आहे : जिवंत शत्रूंसाठी आपण प्रार्थना करतो ती ते वळू शकतात म्हणून, आणि ज्याने कायमचं ठरवलं आहे त्याच्यासाठी करत नाही. मी त्याला हे माझ्या शब्दांत सांगितलं. पण तू वाईट विचारलंस असं म्हटलं नाही. तुझ्याशी जो भांडतो त्याच्यासाठी कर, तो अजून वळू शकतो, एवढं म्हटलं. त्याने मागच्या बाकावर बसलेल्या एका मुलाकडे वळून पाहिलं.